उठून कामाला लागली

गेल्या डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. सभागृहात स्पीकर घरघरत होता, सातवीच्या मुली कोळीनाचाच्या रांगा पुन्हा पुन्हा चुकवत होत्या आणि मी भिंतीला पाठ टेकून ताल मोजत उभी होते. शेजारी यंदाच रुजू झालेली एक शिक्षिका होती, मनानं फार चांगली. ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं मोठं ऑपरेशन झालं होतं ना? पण तुमच्याकडं बघून वाटत नाही हो. सगळ्यांच्या आधी येता, दिवसभर उभ्या असता, रजासुद्धा घेत नाही. म्हणजे आता काही त्रास नसणार." मी "नाही, आता बरं आहे" म्हटलं आणि मुलींना पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. भाकऱ्या थापताना आठवलं, रात्री कूस बदलताना आठवलं. तिच्या बोलण्यात खुपण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं फक्त दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या होत्या: बाई काम करते, म्हणजे बाईला दुखत नाही. ही जोडणी मी लहानपणापासून ऐकत आले आहे, इतकी की माझ्याही तोंडून त्याच जोडणीला शोभणारं उत्तर निघालं.

दुखत होतं. त्या क्षणीही दुखत होतं.

ओटीपोटात डावीकडं, आडव्या टाक्यांची रेघ जिथं संपते तिथं एक जागा आहे, बोटाच्या पेराएवढी. सकाळी उठताना ती गप्प असते. चहा ठेवून, वाकून ओट्याखालचा पिठाचा डबा ओढला की जागी होते. साडी नेसायची तर परकराची नाडी नेमकी तिच्यावरून जाते, म्हणून आता शाळेला पंजाबी ड्रेस आणि सलवारीला इलॅस्टिक. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उंचावला की आतून ताण बसतो. शिंक यायच्या आधी हात आपोआप पोटावर जातो. दुपारनंतर येतं ते दुखणं वेगळं. त्याला एक जागा नसते. ते खोल असतं, जड असतं, मांडीच्या आतल्या बाजूनं उतरतं आणि लाकडी खुर्चीवर बसलं की बसायच्या जागेत ठणकत राहतं. लघवी तुंबली की वाढतं, पोट साफ नसलं की वाढतं. माहेरी इस्लामपूरला जाताना मी एसटीत चाकावरची सीट कधी घेत नाही. गतिरोधक दिसला की पुढचा दांडा धरून बसल्या जागी थोडी वर उचलले जाते. अधूनमधून असाही दिवस येतो की संध्याकाळी लक्षात येतं, आज त्याची आठवणच झाली नाही. आणि लक्षात आल्याबरोबर भीती वाटते, की आठवण काढली म्हणून ते आता परत येईल.

चाळिशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा दोन्ही ओव्हरींवर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्तानं भरलेल्या गाठी, निघाल्या. त्याआधीची कित्येक वर्षं पाळीचे दिवस मी स्टाफरूममधल्या बाकावर पोटाशी पाय घेऊन काढले होते. गर्भपिशवीला जे अस्तर असतं त्याच्यासारखीच पेशींची वाढ पिशवीच्या बाहेर होते आणि दर महिन्याला तीही रक्ताळते, हे तेव्हा कळलं. एवढी वर्षं "प्रत्येकीलाच दुखतं" हेच ऐकलं होतं. पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढायचं ठरलं. आपल्याकडं शस्त्रक्रिया झाली की बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ट्रेमधून काढलेला भाग दाखवतात, तसा माझ्या नवऱ्यालाही दाखवला. तो त्याबद्दल आजवर एवढंच बोलला आहे, की ट्रे स्टीलचा होता आणि त्याला नजर कुठं ठेवावी ते कळलं नाही. तपासणीचा रिपोर्ट चांगला आला, कॅन्सर नव्हता. सासूबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "सुटलीस गं बाई." आणि मी खरोखर सुटले होते. तो महिन्याचा पिळवटून काढणारा त्रास पुन्हा कधी आला नाही. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं ऐकून कुणी तसा अर्थ काढेल, आणि ज्या बाईला खरोखर ही शस्त्रक्रिया लागणार आहे ती घाबरून मागं फिरेल.

पण सुटका आणि दुखणं एकाच घरात राहू शकतात. शिवाय एका रात्रीत रजोनिवृत्ती आली. आईला ती कशी वर्षा-दोन वर्षांत, रेंगाळत, सवय होत आली होती. मला तिसऱ्या-चौथ्या रात्रीच छातीतून मानेकडं आग चढायला लागली आणि दवाखान्यातली चादर घामानं भिजली. आपल्याकडं बायकांची पाळी साधारण 46–47 व्या वर्षी थांबते. त्याच्या आधीच दोन्ही ओव्हरी गेल्या तर हाडं आणि हृदय दोन्हींना लवकर झळ लागते, आणि म्हणून कुणाला हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या, किती वर्षं द्यायच्या, याचा विचार शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवा. हे मला बऱ्याच उशिरा एका दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. डिस्चार्जच्या कागदावर कॅल्शियम होतं, टाके काढायची तारीख होती आणि जड उचलू नका असं लिहिलं होतं.

सुरुवातीला घरात माणसं मावत नव्हती. नारळ आले, मोसंब्या आल्या, शेजारच्या काकूंनी रोज मऊ भात आणि मुगाचं वरण पाठवलं. मी खाटेवर असेपर्यंत प्रत्येकजण "दुखतंय का?" विचारत होता. मग एका सकाळी मी उठून स्वतःची चादर झटकली, घडी घातली. जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "चला, उठून कामाला लागली, म्हणजे बरी झाली." त्यांच्या आवाजात निखळ आनंद होता. त्यानंतर तो प्रश्न हळूहळू घरातून गेला.

या चादरीच्या घडीवरून मला जेन टॉड क्रॉफर्ड ही बाई नेहमी आठवते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली, पंचेचाळिशीच्या आसपासची. 1809 च्या डिसेंबरात ती पोटातली प्रचंड गाठ घेऊन साठ मैल घोड्यावरून डॅनव्हिल गावी गेली आणि एफ्राइम मॅकडॉवेल या सर्जननं तिच्या ओव्हरीची बावीस पौंडांवर वजनाची गाठ काढली. भूल नव्हती. ईथर वापरात यायला अजून जवळजवळ चार दशकं होती. ओव्हरीच्या शस्त्रक्रियांचा इतिहास तिच्यापासून सांगतात. मॅकडॉवेलनं 1817 मध्ये जे लिहून प्रसिद्ध केलं त्यात तो म्हणतो, की पाचव्या दिवशी मी तिला बघायला गेलो तर ती आपलं अंथरूण आवरत होती, मला मोठं आश्चर्य वाटलं. पंचविसाव्या दिवशी ती घरी परतली, तब्येत उत्तम. ती पुढं 1842 पर्यंत जगली. मी हे वाचलं तेव्हा त्या बाईच्या धैर्यापुढं मान खाली गेली. पण त्या अंथरुणापाशी मी अडकले. वाकून चादर ओढताना तिचा एक हात पोटावर होता का? ती घोड्यावरून परत गेली, त्या साठ मैलांत काय झालं? वैद्यकानं तिचं बरं होणं त्या आवरलेल्या अंथरुणावरून ओळखलं, आणि दोनशे वर्षांनी कराडमध्ये माझंही तसंच ओळखलं गेलं.

माझी आत्या पाटणकडच्या गावात राहायची. मी शाळेत असताना तिची पिशवी काढली होती, मिरजेला नेऊन. ती आमच्या घराण्यात कामाचा डोंगर म्हणून प्रसिद्ध होती. सुट्टीत गेलो की पहाटे तिच्या जात्याचा आवाज ऐकू यायचा, आणि दिवसभर ती कुठं बसलेली मी बघितली नाही. फक्त दिवेलागणीला ती परसात चुलवणापाशी जायची, तापलेली वीट जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि ओटीपोटाशी धरून भिंतीला टेकायची. आम्हा पोरांना वाटायचं आत्याला थंडी वाजते. मे महिन्यातही ती वीट असायची, आणि तरीही आम्हाला तसंच वाटायचं. मला स्वतःला दुखायला लागल्यावर मी आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली, "तिला शेवटपर्यंत दुखायचं. माझ्यापाशी एकदाच बोलली. म्हणाली, वैनी, काढायचं ते काढलं, आता दुखतंय म्हणून कुणाला सांगू?" आत्या गेल्यावर दहाव्याला जमलेल्या लोकांनी सांगितलेल्या आठवणींत तिचं काम होतं, तिचं लोणचं होतं, तिची माया होती.

वीट कुणाच्याच आठवणीत नव्हती.

आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडची माणसं, बैलगाड्या, रस्त्याकडेला कोप्या, पहाटेच्या अंधारात पाचट पेटवून शेकत बसलेली पोरं. त्यातली काही पोरं आमच्या शाळेत हंगामापुरती येतात, आणि त्यांच्यापैकी एकीची आई दाखल्यासाठी आली होती. तिशी-बत्तिशीची असेल. बाकावर बसताना तिनं एक हात खाली टेकून, वजन एका बाजूला देऊन जे बसणं केलं, ते मी ओळखलं. मी विचारलं. तिनं आधी माझ्याकडं नीट बघितलं, मग म्हणाली, "पिशवी काढलीया बाई. अंगावरचं जायचं, डॉक्टर म्हनला काढून टाका, कॅन्सर व्हईल." दुखतं का, विचारलं. "दुखतंय ना. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढतानी लई दुखतंय. पर उचल घेतलीया. कोयता दोघांचा, म्या बसल्यावर कसं फिटंल?" नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस चुकला की खाडा, हे आपल्याला माहीत आहे. ऊसतोड बायकांच्या पिशव्या अशा काढल्या जातात याचा 2019 मध्ये गवगवा झाला, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा वाचून सगळा महाराष्ट्र हळहळला. मीही हळहळले. पण त्या बाईला समोर बसलेलं बघितलं तेव्हा जाणवलं, की बातमीत शस्त्रक्रिया मोजल्या होत्या. फळीवरून चढतानाची ती कळ रोज मोजायला कुणीच नाही. माझ्याजवळ पगारी रजा आहे, खुर्ची आहे, गरम पाण्याची पिशवी आहे. तिच्याजवळ पुढच्या सकाळचा फड होता. तिला मी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्या देताना माझा मला संताप आला. तो संताप अजून गेलेला नाही.

माझ्या दुखण्याचं नाव शोधायला मी बरीच हिंडले. सोनोग्राफीच्या थंड जेलीखाली पडून छताकडं बघत "सगळं ठीक आहे" हे पुन्हा पुन्हा ऐकलं. एका ठिकाणी सांगितलं, मन रमवा. दुसरीकडं गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध दिलं, ते घेऊन तिसऱ्या तासाला वर्गात डोळे मिटायला लागले. ओटीपोटाच्या ज्या दुखण्यात तपासण्यांत काही सापडत नाही, त्यावर हे औषध चालतं का हे ब्रिटनमध्ये 306 बायकांना देऊन पाहिलं होतं आणि साध्या खोट्या गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला नाही, हे 2020 मध्येच प्रसिद्ध झालं आहे. सोनोग्राफीत दिसत नाही त्याची यादी मात्र लांब आहे. पोट उघडलं की आतले पडदे आणि आतडी एकमेकांना चिकटू शकतात, ओले पापड एकावर एक पडले की चिकटतात तशी. आडव्या छेदाच्या टोकांजवळून बारीक नसा जातात, त्या व्रणात अडकू शकतात. ओव्हरीचा कण मागं राहू शकतो. वर्षानुवर्षं दुखत आलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेलेच राहतात, आणि मग तो आवळच दुखतो. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याला इतके हळवे होतात की हलका स्पर्शही त्यांना मार वाटतो. यांतली एकच गोष्ट असते असंही नाही.

पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी मात्र फाइल उघडायच्या आधी विचारलं, "एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं?" मी बोट ठेवलं. त्यांनी आपलं बोट तिथं ठेवलं आणि म्हणाल्या, "आता मान उचला." मान उचलून पोट ताठ केलं तशी कळ मस्तकात गेली, मी ओरडले. त्या म्हणाल्या, "हे आतलं नाही, पोटाच्या भिंतीतलं आहे. नस आहे." ही साधी परीक्षा कार्नेट या अमेरिकी सर्जननं 1926 मध्ये सांगितली आहे. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, एक बोट लागतं. त्यांनी त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं मी टेबलावरून उतरले आणि ती जागा नव्हती. मी चप्पल घातली, वाकले, काही झालं नाही. स्वारगेटला एसटीच्या रांगेत उभी राहिले तर दोन्ही पायांवर सारखं वजन पडलं होतं, आणि गेली कित्येक वर्षं मी उजव्या पायावर उभी राहते आहे हे मला तिथं कळलं. मी नवऱ्याला फोन केला आणि बोलता येईना. त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, बस जोरात वळत होती आणि मी दांडा धरला नव्हता. सातारा मागं पडल्यावर हळूहळू ती जागा परत यायला लागली. मला रडू आलं नाही. उलट एक घट्ट समाधान होतं. औषधानं जी नस झोपली तिच्याबरोबर दुखणंही झोपलं होतं, म्हणजे ते खरं होतं, त्याला पत्ता होता, आणि दुसऱ्या एका माणसाच्या बोटाला तो सापडला होता.

नंतर तशी इंजेक्शनं आणखी घेतली. ती टोकाची कळ बरीच मऊ झाली आहे, गेलेली नाही. दुपारच्या त्या खोल, जड दुखण्यासाठी फिजिओथेरपिस्टकडं जाते. तिथं कळलं की ज्या बाईचे स्नायू आधीच आवळलेले आहेत तिनं ते आणखी आवळायचे व्यायाम करायचे नसतात. आधी सोडायला शिकायचं असतं. पोट ढिलं सोडून श्वास खालपर्यंत नेणं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण "पोट आत घेऊन ताठ बस" असं वयात आल्यापासून ऐकलेल्या बाईला ते शिकताना घाम फुटतो. नवऱ्याशी जवळीक हा तर फार काळ न बोललेला विषय होता. कोरडेपणा, भीती, आणि त्याला माझी भीती दिसल्यामुळं त्याचं लांब होणं. त्या फिजिओथेरपिस्टनं त्याला एकदा बोलावून शांतपणे सगळं समजावलं, आणि घरी येताना गाडीत आम्ही या विषयावर जेवढं बोललो तेवढं लग्नानंतर कधी बोललो नव्हतो. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. पण आता तो विचारतो आणि मी खरं सांगते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपली 1979 ची व्याख्या 2020 मध्ये सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांमध्ये एक असं आहे, की माणूस जेव्हा आपल्याला दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या पुढं रेंगाळणाऱ्या दुखण्याला स्वतःची स्वतंत्र नोंद मिळाली. हे वाचताना मला आत्या आठवली. "कुणाला सांगू" या तिच्या प्रश्नाला कागदावर का होईना, उत्तर मिळालं आहे. ते कागदावरून मिरजेपर्यंत, पाटणपर्यंत, उसाच्या फडापर्यंत कधी पोचणार हे मात्र मला दिसत नाही, आणि त्याचा त्रास होतो.

परवा नणंदेची मुलगी आली होती. अडतिशीची आहे, एका बाजूला गाठ आहे, डॉक्टरांनी "सगळंच काढून टाकू, डोक्याला ताप नको" असं सुचवलंय. "मामी, तू सांग, करू का?" म्हणाली. करू नको असं मी म्हटलं नाही, कर असंही नाही. माझं पोट आणि तिचं पोट वेगळं. आम्ही दोघी टेबलाशी बसलो आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीच्या पानावर लिहिले. गाठ कसली आहे असं तुम्हाला वाटतं आणि ते कशावरून? फक्त गाठ काढता येईल का? दुसरी ओव्हरी चांगली असेल तर ती का काढायची? दोन्ही काढल्या तर हार्मोनचं काय, हाडांची तपासणी कधी? दुर्बिणीतून होईल की पोट उघडावं लागेल? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं तर चालेल ना? सगळ्यात शेवटी मी लिहिलं: तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं तर मी कुणाकडं यायचं? तिनं पान आपल्याकडं ओढलं, सावकाश वाचलं, शेवटचा प्रश्न खोडला आणि वरच्या समासात, बाकी सगळ्यांच्या आधी, पुन्हा लिहिला.